शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

शिरूर तालुक्यातील सणसवाडी आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखली जाते. अशा औद्योगिक गावात काय किंवा डोंगरावरच्या पाड्यात काय, अंगणवाडी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. घरोघरी रुळलेला हा शब्द ज्यांच्या प्रयोगातून पुढे आला, त्या ताराबाई मोडक यांचे कार्य मात्र शहरी वाचकाला फारसे ठाऊक नसते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. पूर्वाश्रमीच्या त्या केळकर. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी वातावरण होते. 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या विवाहानंतर अमरावतीस गेल्या. संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास त्यांनी वेगळी वाट धरली आणि राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या काळी असे पद भारतीय स्त्रीच्या वाट्याला सहसा येत नसे. मानाची ती नोकरी सोडून 1923 मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या.

माँटेसरी पद्धत भारतीय मातीत रुजवण्याचा प्रयत्न तेथे चालू होता. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना, शिक्षणपत्रिकेचे काम, शिक्षिकांचे प्रशिक्षण अशा अनेक अंगांनी ताराबाईंनी या कार्याला आकार दिला. पुढे मुंबईत दादरला 1936 मध्ये शिशुविहार उभे राहिले. मध्यमवर्गीय पालकांना बालशिक्षणाचे महत्त्व पटू लागले होते. ताराबाईंना येथेच थांबता आले असते.

परंतु खेड्यातील मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ती दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. असा अनुभव आला की दोष पालकांच्या अज्ञानाला देऊन मोकळे होण्याची रीत आहे. ताराबाईंनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा सरळ निष्कर्ष काढून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला. अंगणवाडी जन्मली ती अशी.

शैक्षणिक साधनांबाबतही त्यांची दृष्टी हीच होती. माँटेसरींची लाकडी दट्टे, रंगपट्ट्या आदी साधने शास्त्रशुद्ध खरी, परंतु खेड्याला न परवडणारी. ताराबाईंनी त्यामागचे तत्त्व घेतले आणि वस्तू बदलली. खडे, शंख-शिंपले, बिया, पाने, फुले, माती हीच साधने झाली. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, फिकट-गडद हे सारे मूल परिसरातूनच शिकू लागले. पैशांच्या बचतीपेक्षा मोठा लाभ असा, की मुलाला शाळा परकी वाटेनाशी झाली.

1957 मध्ये कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखीत, मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. म्हणून गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. धाकटे भावंड पाळणाघरात निजले की मोठ्या बहिणीला पाटी हाती धरता येई. वेळ, जागा आणि साधने मुलाच्या जीवनक्रमाशी जुळवून घेणे, हेच त्यांचे खरे शिक्षणशास्त्र होते.

1962 मध्ये पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.

आज शिक्षणातील तंत्रज्ञान म्हटले की पडदे आणि यंत्रे डोळ्यांसमोर येतात. साधन बदलले, तरी ताराबाईंनी लावलेली कसोटी बदललेली नाही. ज्या मुलापर्यंत शाळा पोहोचली नव्हती, त्याच्यापर्यंत ती पोहोचली का, एवढेच ती विचारते.