एका क्लिकची किंमत

जॉर्ज ईस्टमन हे नाव फारसं कुणाला माहीत नसतं. कोडॅक मात्र घरोघरी माहीत आहे. ती कंपनी काढणारा तो हाच.

जन्म १८५४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडील लहानपणीच गेले, आईने घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून जॉर्ज विमा कचेरीत लागला, पगार आठवड्याला ३ डॉलर. पुढे रॉचेस्टरच्या बँकेत क्लार्क झाला. १८७७ मध्ये एका ट्रिपसाठी म्हणून त्याने फोटोचं सगळं सामान घेतलं, ९४ डॉलरला! म्हणजे पहिल्या नोकरीचा सात महिन्यांचा पगार. आणि सामान तरी केवढं! कॅमेरा, स्टँड, केमिकल्स, काचा, शिवाय एक तंबू, कारण काचेवरचा थर ओला असतानाच फोटो काढून धुवावा लागे. ट्रिप राहूनच गेली, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

मग दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटिन शिजवणं. त्याला कोरड्या प्लेट्स हव्या होत्या, आधी बनवून विकता येतील अशा. १८८१ मध्ये बँक सोडली आणि १८८२ मध्ये दणका बसला. दुकानांत गेलेल्या प्लेट्स खराब निघू लागल्या. त्याने सगळ्या बदलून दिल्या, कंपनी बुडते की काय अशी वेळ आली. शेवटी दोष सापडला जिलेटिनच्या लॉटमध्ये. मला ईस्टमन आवडायला लागला तो इथे.

१८८८ मध्ये पहिला कोडॅक आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवा रोल भरून परत! १९०० चा ब्राउनी तर १ डॉलरला, आणि सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. पोरंसोरंही फोटो काढू लागली.

आज ३६ फोटोंचा कलर रोल हजाराच्या आसपास जातो. धुलाई-स्कॅनिंग धरलं तर एका फोटोला चाळीसेक रुपये. कारण साधं आहे. फिल्मवर थर चढवणारी अवाढव्य मशिन्स मैलोगणती फिल्मसाठी बांधलेली, आणि खर्च वाटून घ्यायला गिऱ्हाईक थोडं. तरी मी महिन्याला एक रोल घेतेच. मोबाईलवर एका झाडाचे वीस फोटो काढणारी मी, फिल्मवर एकच काढते, आणि त्या झाडाकडे बघते तरी! गंमत म्हणजे, बटन दाबण्याआधीचा हा विचारच माणसाला करावा लागू नये म्हणून ईस्टमनने आयुष्य घातलं.

पैसा त्याने अफाट कमावला आणि वाटलाही. एमआयटीला त्याने कोट्यवधी डॉलर दिले ते मिस्टर स्मिथ या नावाने. कित्येक वर्षं कुणाला पत्ता नव्हता. (आपल्याकडे पंखा दिला तरी पात्यावर नाव असतं!) लग्न केलं नाही. आई १९०७ मध्ये गेली. म्हातारपणी मणक्याच्या दुखण्याने चालणं मुश्कील झालं. १४ मार्च १९३२ ला मृत्युपत्रातल्या बदलावर सही करून त्याने मित्रांना बाहेर पाठवलं आणि स्वतःच आयुष्य संपवलं. वय ७७.

कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यातून ती कशीबशी सावरली. माझे रोल अजूनही रॉचेस्टरच्याच फिल्मचे असतात.