हाफकिन : लशीची कसोटी आणि न्यायाची

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसास सहसा नवीन नसते. ज्यांच्या नावाने ती उभी आहे, त्यांचे चरित्र मात्र विस्मरणात गेले आहे. साथीच्या रोगावर उपाय शोधताना माणसांशी कसे वागावे, या प्रश्नाचा तो एक जिवंत धडा आहे.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदरात, एका ज्यू कुटुंबात झाला. मेच्निकॉव्ह यांच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. धर्मांतर केल्याखेरीज रशियात अध्यापनाचा मार्ग मोकळा नव्हता. तो त्यांनी नाकारला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील दुय्यम काम पत्करले. तेथेच 1892 मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध करून प्रथम स्वतःला टोचली. 1893 पासून भारत हीच त्यांची कर्मभूमी झाली.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अपुऱ्या जागेत कामास लागले. लस तयार होताच 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि तीही इतरांसाठी योजलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप व वेदना सोसत ते काम करीत राहिले. जो धोका आपण पत्करीत नाही, तो दुसऱ्यावर लादू नये, हा त्यांचा पहिला नियम होता.

पुढची पायरी अधिक अवघड होती. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. परंतु गजाआडच्या माणसाचा होकार कितपत स्वतंत्र मानावा? पुढे टोचून घेणाऱ्यांस विलगीकरणाच्या जाचातून सूट मिळू लागली, तेव्हाही हीच शंका निराळ्या रूपात उभी राहिली. सवलतीच्या आशेने दिलेली संमती ही संमती खरी, पण तिच्यात सौद्याचा अंश असतो. तरीही पुण्यात 1897 च्या मार्चपासून रँडसाहेबांच्या अमदानीत सोजिरांनी घराघरांत शिरून जी सक्ती चालविली, तिच्याशी तुलना करता टोचणीचा मार्ग पुष्कळच माणुसकीचा होता.

1898 साली बडोदे संस्थानातील उंढेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली व निम्म्यांना वगळले. हेतू हा की, अन्न, हवा, घर सारखेच असताना फरक पडला तर तो लशीचाच ठरावा. प्लेग शिरलेल्या घरांत टोचलेल्या 71 जणांपैकी 3 दगावले. न टोचलेल्या 64 पैकी 26. शास्त्राच्या दृष्टीने हा पुरावा बिनतोड होता. पण त्या 26 जणांचा हिशेब कोणत्या खात्यात मांडावयाचा? लस गुणकारी आहे हे आधीच पुरते ठाऊक असते, तर त्यांना वगळणे अन्याय ठरले असते. ठाऊक नव्हते, म्हणूनच कसोटी आवश्यक होती. खऱ्याखुऱ्या अनिश्चिततेच्या काळातच अशी तुलना न्याय्य ठरते, हे तत्त्व आजचे वैद्यकही मानते.

1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतील लस टोचलेल्या 88 जणांस काहीच झाले नाही. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला, कारण लस तयार करण्याच्या कृतीतून कार्बोलिक अम्ल वगळण्यात आले होते. हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे पुरावा निराळे सांगू लागला : बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो वापरला गेला. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे कलंक पुसला गेला. मात्र परळची संस्था त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. कलकत्त्यास उरलेली नोकरी करून ते निवृत्त झाले. 1925 मध्ये संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आणि 1930 साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

चुकीची चौकशी अवश्य व्हावी, कारण 19 कुटुंबांचा तो हक्कच होता. पण घाईने दोषी शोधला की खरी चूक दडून राहते, आणि लशीवरचा लोकांचा विश्वास मात्र उडतो. साथीच्या काळात तोच विश्वास सर्वांत मोलाचा असतो.

2019 पासून भारतातील एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांच्या शिक्षणास रीतसर स्थान मिळाले आहे. नगर जिल्ह्यात लोणीसारख्या ग्रामीण ठिकाणी वैद्यक शिकणाऱ्या मुलामुलींना उद्या खेड्यापाड्यांतील माणसांपुढे सुई हाती घेऊन उभे राहावयाचे आहे. समोरचा माणूस नाही म्हणू शकतो काय, जोखीम कोण घेतो, आणि चूक झाल्यास उत्तर कोण देतो, हे तीन प्रश्न त्यांनी हाफकिन यांच्या चरित्रातून शिकावेत. नीतीचे पाठ्यपुस्तक यापेक्षा अधिक ते काय शिकविणार?