जेम्स मॅकेन्झी

सर जेम्स मॅकेन्झी (जन्म : १२ एप्रिल १८५३, मृत्यू : २६ जानेवारी १९२५) हे स्कॉटलंडमधील एक वैद्यक व्यावसायिक, हृदयरोगतज्ज्ञ व संशोधक होते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. हे संशोधन त्यांनी मुख्यतः एका औद्योगिक गावातील सर्वसाधारण दवाखाना चालवीत असताना केले. कुटुंबाच्या डॉक्टरांना संशोधनाची पद्धत शिकवावी, या हेतूने त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात सेंट अँड्रूज येथे एक संस्था स्थापन केली.

बालपण आणि शिक्षण

मॅकेन्झी यांचा जन्म पर्थशायर परगण्यातील स्कोन गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या १५ व्या वर्षी शाळा सोडून ते पर्थमधील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. पुढे वैद्यक शिकण्याचा निश्चय करून त्यांनी एडिंबरा विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८७८ मध्ये पदवी संपादन केली. १८८२ मध्ये त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली.

बर्नली येथील कार्य

१८७९ मध्ये ते इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बर्नली या कापडगिरण्यांच्या गावी एका दवाखान्यात रुजू झाले. तेथे त्यांनी सुमारे २८ वर्षे व्यवसाय केला. गिरणी कामगार व त्यांची कुटुंबे हे त्यांचे बहुतेक रुग्ण होते. बाळंतपणाच्या वेळी हृदय निकामी होऊन एका तरुण स्त्रीचा त्यांच्या देखत मृत्यू झाला. हा धोका आधी ओळखता आला असता का, या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले. उपलब्ध ग्रंथांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे त्यांनी स्वतःच हृदयविकारी रुग्णांच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला.

मनगटातील नाडी आणि मानेतील शिरेचे स्पंदन यांचे आलेख त्यांनी एकाच वेळी घेतले. त्यामुळे हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांच्या हालचालींची तुलना करणे शक्य झाले. प्रारंभीची उपकरणे गैरसोयीची असल्याने, पॅडिहॅम येथील शॉ नावाच्या घड्याळजीच्या साहाय्याने त्यांनी शाईने सलग आलेख काढणारा पॉलिग्राफ तयार करवून घेतला. हे उपकरण रुग्णाच्या घरी नेता येत असे.

एकाच रुग्णाला वर्षानुवर्षे पाहत राहणे, हे मॅकेन्झी यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. रुग्णालयातील डॉक्टरांना ही संधी क्वचितच मिळे. दीर्घ निरीक्षणातून त्यांनी असे दाखवून दिले की, अकाली पडणारे जादा ठोके अनेकदा निरुपद्रवी असतात आणि हृदयातील प्रत्येक मर्मर ध्वनी हे गंभीर आजाराचे लक्षण नसते. अशा कारणांवरून अंथरुणाला खिळवून ठेवल्या जाणाऱ्या अनेक निरोगी तरुणांना या निष्कर्षांमुळे दिलासा मिळाला. काही रुग्णांत ठोके पूर्णपणे अनियमित झाल्यावर वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची खूण आलेखातून नाहीशी होते, हेही त्यांनी टिपले. या स्थितीचा त्यांनी लावलेला अर्थ पुढे बदलावा लागला. १९०९ मध्ये टॉमस लुईस यांनी विद्युत्-हृदयालेखाच्या आधारे हे अलिंदांचे तंतुस्फुरण असल्याचे सिद्ध केले. अशा रुग्णांमध्ये डिजिटॅलिस हे औषध विशेष गुणकारी ठरते, ही मॅकेन्झी यांची नोंद मात्र टिकून राहिली.

लंडनमधील काळ

१९०२ मध्ये त्यांचा नाडीच्या अभ्यासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०७ मध्ये ते लंडनला गेले आणि पुढील वर्षी त्यांचा हृदयविकारांवरील ग्रंथ प्रकाशित झाला. लंडन हॉस्पिटलमध्ये त्यांच्याकडे हृदयरोग विभागाची सूत्रे सोपविण्यात आली. १९१५ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व सर हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात हृदयविकाराचा शिक्का बसलेल्या सैनिकांच्या तपासणीच्या कामातही त्यांचा सहभाग होता.

सेंट अँड्रूज येथील संस्था

राजधानीतील प्रतिष्ठित व्यवसाय सोडून मॅकेन्झी १९१८ मध्ये सेंट अँड्रूज येथे गेले आणि १९१९ मध्ये त्यांनी तेथे वैद्यकीय संशोधन संस्था स्थापन केली. रुग्णालयात पोहोचणारा आजार बहुधा पुढच्या अवस्थेतील असतो. त्याची पहिली लक्षणे कुटुंबाच्या डॉक्टरलाच दिसतात. म्हणून रोगाच्या प्रारंभाचा अभ्यास त्यानेच करावयास हवा, असा त्यांचा विचार होता. गावातील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी ठराविक पद्धतीने ठेवाव्यात, नियमित बैठकांत त्यांची चर्चा करावी आणि प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचे साहाय्य घ्यावे, अशी योजना होती. एकच लक्षण सर्वांनी एकाच अर्थाने नोंदविले पाहिजे, यावर त्यांचा भर असे. या शिस्तीविना जमविलेली माहिती एकत्र करता येत नाही.

हे काम अपेक्षेपेक्षा कठीण ठरले. रोगाचा उगम शोधण्यास दीर्घ काळ लागणार होता आणि संस्थापकाची प्रकृती खालावत होती. त्यांच्या मृत्यूनंतर संस्थेचा प्रभाव ओसरला व १९४४ मध्ये ती बंद झाली.

अखेर आणि वारसा

मॅकेन्झी यांना स्वतःला हृदयशूलाचा विकार होता. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हृदयशूलावरील ग्रंथात त्यांनी आपल्या आजाराचे वर्णन एका अनामिक रुग्णाचे म्हणून समाविष्ट केले. लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार शवविच्छेदन करण्यात आले आणि त्यांचे हृदय अभ्यासासाठी सेंट अँड्रूज येथे जतन करण्यात आले.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील सर्वसाधारण वैद्यक व्यावसायिकांच्या कॉलेजने त्यांच्या नावे व्याख्यानमाला सुरू केली. एडिंबरा विद्यापीठातील सर्वसाधारण वैद्यक व्यवसायाच्या अध्यासनालाही त्यांचे नाव देण्यात आले. १९६३ मध्ये रिचर्ड स्कॉट हे या विषयाचे जगातील पहिले प्राध्यापक झाले. दवाखान्यातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना संशोधनाचे प्रशिक्षण देण्याच्या पुढील काळातील प्रयत्नांच्या पूर्वसूरींमध्ये मॅकेन्झी यांच्या संस्थेचा समावेश होतो.