आकाशाच्या गतीशी जुळवून घेणारी दुर्बीण

करडीसारख्या गावात अंधाऱ्या रात्री छोट्या दुर्बिणीतून गुरू पाहू लागले, की थोड्याच वेळात तो नजरेबाहेर सरकतो. पृथ्वी फिरत असल्याने आकाश तासाला 15 अंश पश्चिमेकडे सरकताना दिसते. म्हणून दुर्बिणीच्या भिंगाइतकीच तिची बैठक, म्हणजे माउंट, महत्त्वाची असते. पुण्यात अशा पक्क्या बैठकीच्या दुर्बिणीवर आयुष्य वेचणारे शास्त्रज्ञ म्हणजे कावसजी दादाभाई नायगामवाला.

1857 मध्ये जन्मलेले कावसजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत. 1882 मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी 5,000 रुपये दिले. सरकारनेही तेवढीच भर घातली. साहित्य आणण्यासाठी कावसजी इंग्लंडला गेले आणि तेथील जाणकारांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा उभारायचे ठरले. 1888 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ती सुरू झाली. मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली होती. पुढे तिला 20 इंची आरसा बसला.

अशा दुर्बिणीला विषुववृत्तीय बैठक लागते. तिचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो. क्षितिजापासून त्याचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवावा लागतो: डब्लिनला सुमारे 53 अंश, पुण्याला साडेअठरा, करडीला 21. अक्ष नीट लागला, की घड्याळासारखे एकच यंत्र दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरवत राहते.

कावसजींना ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकाच्या बारीक फटीत धरून ठेवायचा असे. दुर्बीण जरा हलली, की प्रकाश फटीबाहेर जाई. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे, असे त्या काळचे वजनदार शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर मानत. तसे असते तर ती एका बाजूला फिकट पसरलेली दिसली असती. कावसजींना ती बारीक आणि ठसठशीत दिसली. 1891 मध्ये त्यांनी तसे मांडले. ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे 1927 मध्ये सिद्ध झाले.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथून घेतले. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडईकनालला गेली. 1938 मध्ये कावसजींचे निधन झाले.

त्यांच्या काळच्या घड्याळी यंत्राचे काम आज मोटार आणि हातात मावणारा कंट्रोलर करतो. छायाचित्रे काढायची नसतील, नुसते डोळ्यांनी पाहायचे असेल, तर हाताने वरखाली व आडवी फिरणारी साधी बैठकही पुरते. मात्र हात काढल्यावर ती थरथरत राहता कामा नये. दुर्बीण घेताना ही परीक्षा आधी करावी, मग कंट्रोलरच्या सोयी पाहाव्यात.