दहा दिवसांचे बाळ आणि आनंदीबाई

आनंदीबाई जोशी म्हटले की फिलाडेल्फियाची पदवी आठवते. त्याआधीचे दहा दिवस मात्र चरित्रांत एका वाक्यात उरकले जातात.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमूचे नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशींशी लग्न झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. स्त्री डॉक्टर नव्हत्या, पुरुष डॉक्टरपुढे जायचा संकोच. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी वैद्यक थांबत असे.

मूल दगावले किंवा मरणाच्या दारातून परतले, की आई-बापांच्या मनावर जो घाव राहतो त्याला आज आघातोत्तर ताण म्हणतात. हे निदान अधिकृत झाले १९८० मध्ये. झोप उडते, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येतो, इस्पितळाच्या वासानेही छाती धडधडते. मग काही जण दवाखान्याची पायरीच टाळतात. मुलाची लस, फेरतपासणी चुकते. काही जण साध्या सर्दीलाही दोडामार्गहून थेट बांबोळी गाठतात. पहिल्यांना निष्काळजी, दुसऱ्यांना घाबरट ठरवून ओपीडी पुढे सरकते. खरे तर औषध लिहिता लिहिता आईला झोप लागते का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. (बापाचे दुःख तर केसपेपरवर येतच नाही.) ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही अशा घरांसाठीच आहे.

आनंदीबाईंच्या मनाचे निदान आज करू नये. त्यांनी वैद्यकाकडे पाठ फिरवली नाही, एवढे मात्र दिसते. १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी अमेरिकेला जाण्याचे कारण सांगितले: हिंदुस्थानाला स्त्री डॉक्टर हव्यात. त्याच वर्षी पतीला मागे ठेवून त्या निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. मूल गेले त्याच खोलीचा हा अभ्यास होता.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री-विभाग त्यांच्या हाती यायचा होता. पण परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, कामावर रुजू होण्याआधीच, पुण्यात त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर होता.