गोष्टींना बालपण देणारे विल्हेल्म ग्रिम

हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट ठाऊक नाही, असे मूल शहरी मराठी घरात क्वचितच सापडेल. मात्र या गोष्टीतील दुष्ट सावत्र आई मुळात सावत्र नव्हतीच, हे फार थोड्यांना माहीत असते. १८१२ साली ही कथा जर्मन भाषेत प्रथम छापली गेली, तेव्हा आरशाला प्रश्न विचारणारी राणी ही हिमगौरीची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हा बदल करणारा हात विल्हेल्म ग्रिम यांचा होता.

विल्हेल्म यांचा जन्म २४ फेब्रुवारी १७८६ रोजी हानाऊ येथे झाला. थोरले बंधू याकोब त्यांच्याहून अवघ्या वर्षाने मोठे. वडील सरकारी न्यायाधिकारी असल्याने घरात सुबत्ता होती. पण १७९६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि सहा मुलांचे कुटुंब उघड्यावर आले. मावशीच्या आधाराने दोघे भाऊ १७९८ मध्ये कासेल येथे शिकायला गेले. पुढे मारबुर्ग विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करताना साविन्यी या विख्यात विधिज्ञांनी त्यांना जुन्या ग्रंथांची गोडी लावली. विल्हेल्म यांना दम्याचा आणि हृदयाचा विकार जन्मभर पुरला.

त्या काळात नेपोलियनच्या सैन्याने जर्मन प्रदेश व्यापला होता. जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वात नव्हते. राज्य नसले तरी भाषा आणि लोकांच्या स्मृती आपल्याच आहेत, या जाणिवेतून दोघा भावांनी कथा गोळा करण्यास आरंभ केला. १८१० मध्ये त्यांनी आपले हस्तलिखित कवी ब्रेन्टानो यांच्याकडे पाठविले. ते परत आले नाही. सुदैवाने भावांनी नक्कल ठेवली होती. डिसेंबर १८१२ मध्ये ८६ कथांचा पहिला खंड निघाला, १८१५ मध्ये ७० कथांचा दुसरा.

ग्रिम बंधू खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांकडून कथा टिपून घेत, ही समजूत खरी नाही. बऱ्याच कथा त्यांच्या घरी येणाऱ्या, मध्यमवर्गातील सुशिक्षित तरुणींनी सांगितल्या. शेजारच्या औषधविक्रेत्याची कन्या डोर्टशेन विल्ड ही त्यांतलीच. १८२५ मध्ये ती विल्हेल्म यांची पत्नी झाली. शिंप्याची पत्नी असलेल्या डोरोथिया फीमान यांच्याकडून दुसऱ्या खंडाला मोठा ऐवज मिळाला. त्यांचे पूर्वज मात्र फ्रान्समधून आलेले निर्वासित होते. अस्सल जर्मन म्हणून गाजलेल्या कथांच्या मुळाशी अशी सरमिसळ होती.

पहिल्या आवृत्तीत चित्रे नव्हती, विद्वत्तापूर्ण टिपा मात्र भरपूर होत्या. हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे कसे, अशी टीका झाली. मुले कसाई-कसाई खेळताना एकाचा जीव जातो, अशी कथाही त्यात होती. दुसऱ्या आवृत्तीपासून संपादनाची धुरा प्रामुख्याने विल्हेल्म यांनी वाहिली. ती कथा त्यांनी वगळली. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले, असे भाबडेपणाने विचारते आणि तिचे गुपित फुटते; तो प्रसंगही त्यांनी बदलला. संवाद वाढविले, म्हणी पेरल्या, वाक्यांना लय दिली. आज आपण परीकथेची म्हणून ओळखतो ती शैली बरीचशी त्यांच्या लेखणीतून उतरली आहे.

मात्र ही स्वच्छता एकतर्फी होती. शृंगाराचा अंश गेला, क्रौर्य राहिले, कित्येकदा वाढलेही. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात, तो शेवट १८१९ मध्ये जोडला गेला. मुलांसाठी निवडलेल्या ५० कथांची छोटी आवृत्ती १८२५ मध्ये निघाली. धाकटे बंधू लुडविग यांच्या चित्रांनी सजलेल्या या पुस्तकाने खरी लोकप्रियता मिळविली. तिच्यात ज्यू माणसाचा छळ आणि फाशी हा विनोद म्हणून रंगविणारी कथाही होती. मुलांना काय सांगावे, हे ठरविणारा माणूस आपल्या काळाचे पूर्वग्रहही सोबत नेतो, याचे हे अस्वस्थ करणारे उदाहरण होय.

मात्र विल्हेल्म यांच्या आयुष्यात तत्त्वासाठी किंमत मोजण्याचा प्रसंग आला तेव्हा ते डगमगले नाहीत. ग्योटिंगेन विद्यापीठात ते प्राध्यापक असताना, १८३७ मध्ये हॅनोव्हरचा नवा राजा अर्न्स्ट ऑगस्ट याने राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी त्याचा लेखी निषेध केला. त्यांत दोघे ग्रिम बंधू होते. सातही जण बडतर्फ झाले, याकोब यांना तर तीन दिवसांत राज्य सोडावे लागले. पत्नी, मुले आणि जर्जर प्रकृती असतानाही विल्हेल्म यांनी सही मागे घेतली नाही.

त्या बेकारीतच दोघांनी जर्मन भाषेच्या महाकोशाचे काम पत्करले. पुढे प्रशियाच्या राजाने बोलावल्यावरून १८४१ मध्ये ते बर्लिनला स्थायिक झाले. कोशाचा पहिला खंड १८५४ मध्ये आला. कथांची सातवी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, तेव्हा संग्रह २०० कथा आणि १० बालदंतकथांपर्यंत पोहोचला होता. कोशातील 'ड' हे अक्षर विल्हेल्म यांनी हातावेगळे केले आणि १६ डिसेंबर १८५९ रोजी त्यांचे निधन झाले. अविवाहित याकोब आयुष्यभर त्यांच्याच घरी राहिले होते. चार वर्षांनी तेही गेले. दोघेही बर्लिनमध्ये एकाच दफनभूमीत विसावले आहेत. कोश पूर्ण व्हायला १९६१ साल उजाडले.

कथासंग्रहाच्या ज्या प्रतींवर भावांनी समासात टिपणे केली, त्या कासेलमधील प्रती २००५ मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समाविष्ट झाल्या. त्या समासांत दिसते ते एवढेच, की लोककथा कधी संपत नाही. प्रत्येक पिढी तिच्यात काही खोडते, काही लिहिते. रात्री मुलांना गोष्ट सांगताना एखादा भयंकर प्रसंग हलकेच गाळणारे आईवडील विल्हेल्म ग्रिम यांचेच काम पुढे नेत असतात. काय गाळावे आणि काय राखावे, याची जबाबदारीही मग त्यांच्यावर येते.