विलेम आइन्थोव्हेन

गेल्या वर्षी काजूच्या हंगामात आमचे आजोबा लाटंबार्से येथील बागेतून छाती चोळीतच घरी आले. पित्त असेल म्हणून आजीने सोलाचे पाणी दिले. घाम थांबेना, तेव्हा काकांनी गाडी काढून त्यांना डिचोलीच्या इस्पितळात नेले. हातापायांना नि छातीला तारा लावू लागताच आजोबा घाबरले. त्यांना वाटले, आता आपल्याला करंट देणार! खरे तर ते यंत्र काहीच देत नाही. हृदयाच्याच स्नायूत प्रत्येक ठोक्याला उठणारी, त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्ट भरणारी विद्युतलहर ते कागदावर उतरवून घेते. तो चौकटीचा कागद पाहून मला आइन्थोव्हेन यांच्याविषयी वाचावेसे वाटले.

विलेम आइन्थोव्हेन यांचा जन्म १८६० साली जावा बेटातील सेमारंग येथे एका डच डॉक्टराच्या घरी झाला. वडील लवकर वारले. आई सहा मुलांना घेऊन हॉलंडात उत्रेख्तला परतली. पुढे वसाहतीच्या सैन्यात डॉक्टरकी करण्याच्या करारावर विलेम शिकले. पण वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी लायडेन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले आणि सैन्य राहिले.

लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्येच पाऱ्याच्या केशनलिकेने मानवी हृदयाचा आलेख काढला होता. परंतु पारा पडला सुस्त. लहर जाऊन तो मागून हलायचा. आइन्थोव्हेन यांनी ही चूक आधी गणिताने दुरुस्त केली व आलेखातील चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. पी म्हणजे वरच्या कप्प्यांची लहर, क्यू-आर-एस खालच्या कप्प्यांची, आणि टी त्यांच्या पूर्वस्थितीवर येण्याची. आमच्या डॉक्टरीणबाई आजही हीच अक्षरे उच्चारतात.

गणिताने त्यांचे समाधान झाले नाही. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म तंतू त्यांनी प्रबळ विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसविला. हृदयाचा प्रवाह तंतूतून गेला की तंतू थरथरे आणि त्याची सावली सरकत्या काचेवर टिपली जाई. १९०१ साली त्यांनी या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. वजन सुमारे २७० किलो! चालवायला पाच माणसे, चुंबक थंड ठेवायला वाहते पाणी. रोग्याने दोन्ही हात नि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे. आजोबांनी ते चित्र पाहिले असते तर इस्पितळातून पळच काढला असता.

एवढे धूड रुग्णालयात न्यायचे कसे? आणि हृदयरोग्याला प्रयोगशाळेत आणणेही धोक्याचे. आइन्थोव्हेन यांनी टेलिफोनच्या तारा वापरल्या. १९०५ मध्ये सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातील रोग्याचे हृदय त्यांच्या प्रयोगशाळेत आलेख काढू लागले. मला त्यांचे हे काम सर्वांत मोलाचे वाटते, १९२४ च्या नोबेल पारितोषिकाहूनही. १९२७ साली ते लायडेन येथे निवर्तले.

आजोबांचा आलेख सरळ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याचा फोटो काढून फोनवरून बांबोळीला पाठविला आणि तिकडून उत्तर येईपर्यंत इंजेक्शन भरून ठेवले. यंदा आजोबा काजू वेचायला गेले नाहीत. बागेच्या बांधावर बसून आम्हांला सूचना देत होते.